मदत हवी आहे: 'वॉल-ई' साधा ब्लू-रे घ्यावा की फोर-के? (कोकण, प्रोजेक्टर, वाडीतली पोरं)

आडवाट:

मंडळी, घरी सिनेमे बघणारे बरेच दर्दी इथे आहेत, म्हणून धागा काढतोय.

भाचा डिसेंबरात अमेरिकेहून येतोय. "मामा, तुला काय आणू?" म्हणाला. मी 'वॉल-ई' या पिक्सार स्टुडिओच्या ॲनिमेशनपटाची डिस्क सांगितली. त्यावर त्याने विचारलं, कुठली? तेव्हा कळलं की एकाच पिक्चरची भावंडं बरीच आहेत. २००८ चा साधा ब्लू-रे, २०२० ची डिस्नेची फोर-के (म्हणजे साध्याच्या चौपट ठिपक्यांचं चित्र) आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये क्रायटेरियन या निवडक सिनेमांच्या डिस्क काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने काढलेली फोर-के. पिक्सारचा सिनेमा क्रायटेरियनने काढायची ती पहिलीच वेळ, त्यामुळे तिच्यावर लोकांनी रकानेच्या रकाने लिहिलेत. ते वाचून तर डोकं आणखीच फिरलं. एकाला जुन्या-नव्यात जमीन-अस्मानाचं अंतर दिसतं, दुसऱ्याला काडीचाही फरक दिसत नाही, आणि दोघेही तावातावाने भांडतायत. ते दोघे कसल्या पडद्यावर बघतायत हे मात्र कोणी सांगत नाही.

माझी परिस्थिती अशी. घर देवगड तालुक्यात, खाडीला लागून. प्रोजेक्टर साधा १०८०पी, खोक्यावर 'फोर-के सपोर्टेड' छापलेलं (म्हणजे फोर-के सिग्नल घेतो, दाखवतो मात्र १०८०पीच). डिस्क प्लेअर फोर-के चालवणारा, इथेच भारतात घेतलेला. जुना अँप्लिफायर आणि दोन दांडगे स्पीकर आहेत, ते गणपतीत आरतीलाही लागतात. पडदा म्हणजे दोन डबल चादरी एकावर एक शिवून घेतल्यात. बसायला ओटी आणि पुढचं खळं. बघायला वाडीतली पोरं आणि त्यांना सांभाळायच्या निमित्ताने आलेल्या आज्या.

हाच सिनेमा का, तर याच्या पहिल्या चाळीसेक मिनिटांत बोलणं जवळपास नाहीच. मराठी डबिंग नाही, इंग्रजीचा आमच्याकडे आनंद आहे, तेव्हा हावभाव आणि टूंटूं आवाजावर चालणारा सिनेमा सोन्याहून पिवळा. आणि दुसरं कारण आमची पुळण. पावसाळ्यात समुद्र जे काही बाहेर टाकतो ते तुम्ही पाहिलं असेलच. बाटल्या, थर्माकोल, नायलॉनच्या जाळ्यांची भेंडोळी, जोडी हरवलेल्या चपला. शेजारची चौथीतली पोर त्यातली बाटल्यांची झाकणं तेवढी वेचून आणते, धुते आणि रंगवार वेगवेगळ्या करवंट्यांत ठेवते. निळ्यांची करवंटी कायम भरलेली, जांभळी झाकणं फार सापडत नाहीत म्हणून ती कोणाला हात लावू देत नाही. कचरा दाबून दाबून ठोकळे करणारा आणि त्यातून आवडलेल्या वस्तू घरी नेऊन फळीवर मांडणारा तो यंत्रमानव तिला दाखवायचाच आहे.

तर सांगा, माझ्या या पडद्यावर फोर-केने काही पदरात पडेल का? अमेरिकेतली डिस्क इथल्या प्लेअरवर चालेल का? आणि ओटीटीवर बघ, डिस्क कशाला, असं कृपया सांगू नका. आमच्याकडे संध्याकाळी नेट माडावर चढून बसतं.

आगाऊ धन्यवाद.

खाडीपलीकडचा:

आधी रीजनचं, म्हणजे कुठल्या देशातली डिस्क कुठल्या प्लेअरवर चालते ते, बघू, कारण तिथे अडलं तर पुढचं सगळं फुकट.

फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला रीजनचं कुलूप नसतं. अमेरिकेतली असो नाहीतर जपानमधली, तुमच्या प्लेअरवर चालेल. साध्या ब्लू-रेचं तसं नाही. भारत सी रीजनमध्ये येतो, अमेरिका ए मध्ये. क्रायटेरियनच्या खोक्यात एक फोर-के डिस्क आणि दोन साध्या ब्लू-रे असतात, आणि त्या दोन ए रीजनला बांधलेल्या. म्हणजे सिनेमा दिसेल, पण पडद्यामागच्या गोष्टी, गाळलेले प्रसंग, पिक्सारवरची डॉक्युमेंटरी हा सगळा खजिना त्या दोन डिस्कांवर कुलुपात राहील. डिस्नेचा जुना ब्लू-रे घेणार असाल तर भाच्याला वेष्टणाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगा. ए, बी, सी ही तिन्ही अक्षरं दिसली तर डोळे मिटून घ्या.

आता चित्राबद्दल. लोक भांडतात त्याचं कारण तुम्हीच लिहिलंय, कोण कशावर बघतो हे कोणी सांगत नाही. हा सिनेमा मुळात २के मध्ये, म्हणजे साधारण १०८०पीएवढ्याच बारकाव्याने, तयार झाला. त्यामुळे फोर-के डिस्कवर रेघान्‌रेघ नव्याने दिसू लागेल अशी अपेक्षा नको. खरा फरक आहे तो एचडीआरचा, म्हणजे उजेड आणि काळोख यांच्यातल्या अंतराचा. क्रायटेरियनच्या डिस्कवर त्यासाठी डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार आहे. चांगल्या ओएलईडी टीव्हीवर अवकाशातला तो अग्निशामक नळकांड्याचा नाच बघा, काळ्याभोर पार्श्वभूमीवर फेसाची पांढरी रेघ अशी काही उठते की विचारू नका. तिथे पैसे वसूल.

पण तुमचा प्रोजेक्टर! एचडीआर आवृत्ती तयार करताना साधारण १००० निट्स (उजेड मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त उजेड गृहीत धरतात. सिनेमागृहाच्या पडद्यावरही ठरलेला उजेड ४८ निट्स असतो, तुमच्या चादरीवर त्याच्या आसपास पोचला तरी खूप. एवढा मोठा आवाका एवढ्याशा उजेडात कोंबला की चित्र मंद आणि मातकट होतं. वॉल-ईच्या ट्रकमधला दिव्यांच्या माळांचा प्रसंग तर अर्धा काळोखातच जाईल. तेव्हा फोर-के घेतलीत तरी प्लेअरच्या सेटिंगमध्ये एचडीआर बंद करून बघा. आणि बंदच करायचं असेल तर साधा ब्लू-रे काय वाईट?

आणखी एक. सिनेमा २.३९:१ आहे, म्हणजे लांबलचक पट्टा. तुमची चादर आठ फूट रुंद धरली तर चित्राची उंची जेमतेम सव्वातीन-साडेतीन फूट येईल, वर-खाली काळं. पोरं "अर्धाच दिसतोय" म्हणून ओरडतील. तो दोष डिस्कचा नाही. झूम करून कडा कापू नका एवढंच.

सुरंगी:

चित्रावरून एवढी चर्चा आणि आवाजाबद्दल कोणी अक्षर काढत नाही, कमाल आहे. माझ्या मते हा सिनेमा निम्मा कानांनी बघायचा.

वॉल-ईचा 'आवाज' बेन बर्टचा. साउंड डिझाइनही त्याचंच. वॉल-ई चालतो तेव्हाचा तो घर्र आवाज त्याने हाताने फिरवायच्या जनरेटरमधून काढलाय. अंतराळजहाजाच्या ऑटो या सुकाणू-यंत्राचा आवाज तर ॲपल संगणकाच्या मॅकिनटॉक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा. बोलणं नाही म्हणता, पण झुरळाच्या पायांपासून वाळूच्या वादळापर्यंत सगळं बोलतंच असतं. ओटीटीवर हेच सगळं दाबून येतं, डिस्कवर मोकळं. फोर-केवर डॉल्बी अ‍ॅटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा आवाज) आहे, पण तुमच्याकडे दोनच स्पीकर, तेव्हा त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

तेव्हा तुमच्या त्या आरतीच्या स्पीकरांकडे आधी बघा. चादरीच्या दोन बाजूंना ठेवा, मागे खळ्याच्या टोकाला नकोत, नाहीतर वॉल-ई पुढे आणि त्याचा आवाज आज्यांच्या पाठीमागून. बास थोडा उतरवा. आमच्याकडे मे महिन्यात असाच एक सिनेमा लावला होता, आरतीची सेटिंग तशीच राहिली आणि प्रत्येक स्फोटाला पत्रे थडथडत होते.

चित्राबद्दल माझं मत वरच्यांपेक्षा जरा वेगळं आहे. पृथ्वीवरचा भाग जुन्या ब्लू-रेवर मला जास्त आवडतो. ती धुळकट, पिवळट हवा, मागचं धूसर झालेलं. पिक्सारवाल्यांनी सत्तरच्या दशकातल्या लेन्स अभ्यासून तो परिणाम मुद्दाम साधलाय, रॉजर डीकिन्ससारखा छायाचित्रकार सल्ल्याला होता. नव्या आवृत्तीत ते लखलखीत होतं ते काहींना भावतं, मला नाही.

खाडीपलीकडचा:

सुरंगीताई, धूसर ते नव्या आवृत्तीतही धूसरच आहे हो. टीव्हीचा रंग भडक करणारा 'व्हिव्हिड' मोड बंद करा बघू आधी :)

सुरंगी:

आमच्याकडे 'सिनेमा' मोडच असतो. मत आहे माझं, बदलणार नाही.

मालवणी मिरी:

गाववाल्यानू, एवढो घोळ कशाक? माझ्या झिलान ह्यो पिक्चर मोबायलवर बघल्यान आणि दोन दिस घरात नुसता 'ईऽऽवा, ईऽऽवा' (वॉल-ईच्या मैत्रिणीचा नाव) चल्ला होता. पोरांका फोर-के काय आणि साधो काय. माका विचारशात तर त्या पैशात भाच्याक चाकलेटां हाडूक सांगा.

दिवेलागण:

मी शिक्षक आहे, रत्नागिरी जिल्ह्यातला. दोन-तीन गोष्टी सुचवतो.

पहिली थोडी रूक्ष आहे. डिस्क घरगुती वापरासाठी असते. चार घरची पोरं ओटीवर जमली तर कोणी काही म्हणणार नाही, पण 'मोफत शो' असा फलक लावून देवळाच्या सभामंडपात लावलात तर तो सार्वजनिक खेळ झाला, तिकीट नसलं तरी. शाळेला मात्र कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून, प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असतील तर सिनेमा दाखवता येतो. तेव्हा मुख्याध्यापकांशी बोला आणि वर्गातच लावा. खिडक्या बंद केल्या की काळोखही खळ्यापेक्षा बरा मिळतो, म्हणजे वरची उजेडाची तक्रारही निम्मी मिटली.

दुसरी गोष्ट सिनेमाची. पहिला भाग पोरं श्वास रोखून बघतात, हे अगदी खरं. पण अॅक्सिअम जहाजावर गेल्यावर इंग्रजी संवाद सुरू होतात. कप्तान, ऑटो, सातशे वर्षांपूर्वीचा कंपनीच्या साहेबाचा संदेश. तिथे मागच्या बाकांवर चुळबूळ सुरू होते. मध्येच कोणी उभं राहून भाषांतर सांगू लागलं की विचका होतो. त्यापेक्षा सुरुवातीलाच दोन वाक्यांत सांगून ठेवा: माणसं कचरा टाकून जहाजात बसून निघून गेली, आणि झाड सापडल्याशिवाय परत यायचं नाही असं ठरलंय. एवढ्यावर पोरांचं निभतं. आमच्याकडे तर एकाने माझ्या आधीच ओळखलं की ते सुकाणू म्हणजेच खलनायक.

आणि शेवटची नामावली बंद करू नका, पाया पडतो. दिवा लावायची घाई होते. त्यात माणसं पृथ्वीवर परत आल्यावरची सगळी गोष्ट चित्रांतून आहे. गुहेतल्या भित्तिचित्रांपासून सुरू होऊन व्हॅन गॉगच्या शैलीपर्यंत जाते, मग जुन्या व्हिडिओ गेमसारखे ठोकळे-ठोकळे. चित्रकलेच्या तासाला मी तेवढीच पाच-सहा मिनिटं वेगळी दाखवतो.

आडवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरी, चॉकलेटं सांगितलीयतच, तो आग्रह भाच्याच्या आईचाही आहे.

दिवेलागण सर, शाळेचं डोक्यातच नव्हतं. गुरुजींना आजच विचारलं, ते तयार आहेत, फक्त दुपारी लावा म्हणाले. दिवेलागणीला व्होल्टेज पडतं आणि प्रोजेक्टर मान टाकतो, त्यामुळे माझीही सोय झाली. आज्यांना 'पालक' धरता येईल ना?

डिस्क साध्या ब्लू-रेचीच सांगतोय, मागचा फोटो बघून. क्रायटेरियनचा मोह होता, खोटं कशाला बोलू, पण ज्यासाठी ती घ्यायची ते दोन्ही, एचडीआर आणि जादा डिस्का, माझ्याकडे बंदच राहणार.

एक राहिलं. इथल्या हवेत डिस्क टिकतात का? माझ्या जुन्या डीव्हीडींवर पावसाळ्यानंतर पांढुरकी बुरशी येते.

दिवेलागण:

आज्या पालकच. कित्येक घरांत खऱ्या पालक त्याच आहेत.

खाडीपलीकडचा:

बुरशी बहुतेक वरवरची असते. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, आणि पुसायचं मधून कडेकडे, गोल गोल नाही. मग स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, नवीन बुटांच्या खोक्यात निघतात त्या चालतात. कागदी वेष्टन मात्र डब्याबाहेर, दमट पुठ्ठ्यातूनच सुरुवात होते. प्रोजेक्टरची लेन्स खाऱ्या हवेने धुरकटते, ती पंचाने पुसू नका. आणि दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर छोटा यूपीएस लावाच. लाईट अचानक गेली की आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो, त्यात तो फुटूही शकतो.

सुरंगी:

डिस्कवर 'बर्न-ई' नावाची छोटी फिल्म आहे, तीही दाखवा. पण सिनेमाच्या आधी नको. जहाजाबाहेर अडकलेल्या वेल्डिंगवाल्या यंत्राची ती गोष्ट मूळ सिनेमाच्या मागे-मागे समांतर घडते, आधी लावलीत तर पोरांना काही टोटल लागणार नाही. मध्यंतरात चहा आणि लाडू, मग उरलेला सिनेमा, मग नामावली, मग 'बर्न-ई'. आणि त्या झाकणंवालीला पहिल्या रांगेत बसवा, मागून आठ फुटी चादरीवर फळीवरच्या वस्तू तिला नीट दिसायच्या नाहीत.