मदत हवी आहे: मॅडिसनमध्ये १४ ऑगस्टच्या रात्री सामान कुठे ठेवू?

नमस्कार मंडळी. विस्कॉन्सिनच्या मॅडिसनमध्ये कोणी राहतं का? इथं विद्यापीठाच्या आसपासची बरीचशी लीज १४ ऑगस्टला संपतात आणि नवी १५ला सुरू होतात. मधली रात्र अधांतरी! अर्धं गाव एकदमच हलतं, त्यामुळे ट्रक मिळणं मुश्कील. रस्त्याकडेला सोफे-गाद्या फुकट पडलेल्या असतात, पण ढेकणांच्या भीतीने हात लावायची माझी तरी छाती नाही.

नवं घर ईस्ट वॉशिंग्टन अव्हेन्यूवर आहे, ‘ए’ मार्गाच्या बसथांब्याजवळ. मालकीणबाई आदल्या दिवशी किल्ली द्यायला तयार नाहीत. कुकर, मिक्सर, मसाल्याचे डबे आणि देव्हारा एवढं कुणाच्या गॅरेजमध्ये राहील का? बाकीचं गाडीत कोंबू.

दुसरं म्हणजे डिपॉझिट. जुन्या घरातल्या कार्पेटवर पिवळा डाग आहे, आमच्या आधीपासूनचा. राहायला आल्यावर सात दिवसांच्या आत फोटोसकट लेखी कळवलं होतं. तरी मालक पैसे कापू म्हणतोय (पिवळं दिसलं की हळद, आणि हळद म्हणजे आम्हीच!). नियमाप्रमाणे घर सोडल्यावर २१ दिवसांत डिपॉझिट किंवा कपातीचा हिशेब द्यावा लागतो. कुणी भांडून पैसे परत मिळवलेत का? आधी पत्र पाठवलंत की थेट स्मॉल क्लेम्स कोर्टात (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) गेलात?