मदत हवी आहे : भरिताच्या वांग्याची जळकी साल, लिम्फोसाइट आणि एस-9

नमस्कार मंडळी. जळगावात एमएस्सीचा प्रकल्प करतेय. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या बामणोदच्या वांग्याच्या जळक्या सालीचा अर्क माणसाच्या रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशींना देऊन गुणसूत्रं तुटतात का, ते बघायचंय. (भरिताला नावं ठेवत नाहीये हो, साल तशीही आपण काढूनच टाकतो!)

मांस-मासळी करपल्यावर क्रिएटिनपासून (स्नायूंतलं एक रसायन) हेटरोसायक्लिक अमाइन ही डीएनएला घातक रसायनं तयार होतात. वांग्यात क्रिएटिन नाही, म्हणून माझा संशय धुरातल्या बेंझोपायरीन या कर्करोगकारक रसायनावर. पण तेही थेट डीएनएला चिकटत नाही, आधी यकृतातल्या एन्झाइमांनी त्याचं रूप बदलावं लागतं. म्हणून कल्चरमध्ये एस-9, म्हणजे रॅटच्या यकृतातल्या एन्झाइमांचं मिश्रण घालते. घोडं इथेच अडलंय.

तीन तास एस-9 ठेवून पेशी धुते, पुढे कोल्चिसिन (विभाजन थांबवायला), पोटॅशियम क्लोराइड (पेशी फुगवायला), मिथेनॉल-ॲसिटिक ॲसिड (पेशी स्थिर करायला), गिम्सा (रंगवायला). स्लाइडवर मेटाफेज (विभाजनाच्या ज्या टप्प्यात गुणसूत्रं नीट दिसतात, त्यातल्या पेशी) जेमतेम सापडतात. अर्काऐवजी नुसतं डीएमएसओ (द्रावक) घातलेल्या बाटलीतही तीच गत, एस-9 नसलेल्या बाटलीत मात्र मेटाफेजच मेटाफेज. म्हणजे मेटाफेज घटण्यात अर्काचा दोष दिसत नाही, एस-9च पेशींना बाधतंय.

एस-9चं अंतिम प्रमाण 1 टक्क्यावर आणलं तर सायक्लोफॉस्फामाइडच्या कंट्रोलमध्ये (हे औषध एस-9 असेल तर गुणसूत्रं तोडतं, म्हणून तुलनेला ठेवलेली बाटली) तुटलेली गुणसूत्रं दिसत राहतील का? की वेळच कमी करू? आणि धुळे-नाशिककडे गॅप (गुणसूत्रावरची नुसती न रंगलेली फट) आणि ब्रेक (खरोखरची तुटलेली जागा) यांतला फरक नजरेने ओळखणारं कुणी असेल तर सांगा, फोटो पाठवते. सर म्हणतात गॅप वेगळे मोजायचे, पण काही ठिकाणी माझं ठरतच नाही.