तालमुदातला ‘ध’ चा ‘मा’

पांढरा_कांदा (धागाकर्ता)

आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला. ‘ज्यूंच्या गुप्त ग्रंथात बाकीच्या जगाबद्दल काय लिहिलंय ते वाचा आणि पुढे पाठवा.’ खाली अकरा वाक्यं, प्रत्येकापुढे ग्रंथाचं नाव आणि कलम. गाझावरून ग्रुपवर दोन दिवस जुंपलेलीच होती, त्यात हे. मला राहवलं नाही. अख्खा रविवार घालवून एकेक वाक्य तपासलं.

आधी ते ‘गुप्त’ प्रकरण. फॉरवर्डचा रोख तालमुदावर, म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्रावरच्या चर्चांच्या संग्रहावर. बॅबिलोनियन तालमूद १५२० च्या सुमारास व्हेनिसमध्ये छापून झाला, तोही डॅनियल बाँबर्ग नावाच्या ख्रिस्ती छापखानेवाल्याकडून. आज सेफारिया या साइटवर मूळ आणि इंग्रजी भाषांतर फुकट वाचता येतं. गुप्त काय डोंबल!

अकरापैकी चार वाक्यं ज्या ग्रंथांतली म्हणून दिली होती ते ग्रंथच सापडेनात. त्यातलं एक ‘लिब्रे डेव्हिड, ३७’. असा ग्रंथ तालमुदात नाही आणि बाहेरही नाही, पण ही नोंद वर्षानुवर्षं या यादीतून त्या यादीत उतरवली जाते.

मग अर्धी तोडलेली वाक्यं. ‘परधर्मीयाने तोरा (ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ) शिकला तर तो मृत्युदंडाला पात्र’, तालमुदाच्या सान्हेद्रिन या भागातलं पत्र ५९. हे आहे, रब्बी (ज्यू धर्मपंडित) योहानानचं म्हणून आहे. पण त्याच पानावर लगेच रब्बी मेईरचं मत येतं की तोरा शिकणारा परधर्मीयसुद्धा महायाजकाच्या तोडीचा. फॉरवर्डवाल्याला पहिलं दिसलं, दुसरं दिसलं नाही.

आणि सगळ्यात गाजलेलं, ‘परकीयांतल्या उत्तमालाही ठार कर.’ बोलणारा रब्बी शिमोन बर योहाय. विषय बायबलातल्या मोशेच्या कथेचा, की इजिप्तची गुरंढोरं रोगाने मेली होती, मग फारोच्या रथांना घोडे आले कुठून? तर देवाला भिऊन ज्यांनी जनावरं आत बांधली, त्या ‘चांगल्या’ इजिप्शियनांकडून. शिमोन स्वतः रोमनांपासून जीव वाचवत बारातेरा वर्षं गुहेत लपल्याची कथा तालमुदातच आहे. पुढे मध्ययुगातल्या टीकाकारांनी हे वाक्य युद्धकाळापुरतं असल्याचं लिहून ठेवलं.

तालमूद म्हणजे पाचसातशे वर्षं चाललेला काथ्याकूट, इतिवृत्तासकट. पानाच्या मधोमध मूळ वाद, एका अंगाला राशी या मध्ययुगीन पंडिताची टीका, दुसऱ्या अंगाला राशीच्या नातवंडांची, आजोबांना खोडून काढणारी. एकूण २७११ दुपानी पत्रं. रोज एक वाचलं तर साडेसात वर्षं लागतात, आणि तसं वाचायची प्रथा १९२३ पासून चालू आहे. आमचा मावसभाऊ ते अकरा ओळींत उरकतो. नारायणरावाचा जीव एका अक्षराने गेला असं आपण शाळेत शिकलो. इथे तर पानंच्या पानं गाळलीत.

काय वाटतं मंडळी?

तिरकस_बाण

मेहनत घेतलीत, पण कांदेसाहेब, ‘ध’ चा ‘मा’ तुम्हीही केलात.

तुम्ही म्हणता त्याच साइटवर सान्हेद्रिन ५९ उघडून बसलोय. रब्बी मेईरचं वाक्य आहे. त्याच्या पुढची ओळ मात्र तुम्ही दिली नाहीत. चर्चा तिथे अशी मिटवली आहे की मेईरचं म्हणणं परधर्मीयांसाठी सांगितलेल्या सात आज्ञांपुरतं. तेवढ्या त्याने शिकाव्यात, बाकी तोरा नाही. म्हणजे योहानानचं म्हणणं टिकलं! फॉरवर्डवाला एक ओळ आधी थांबला, तुम्ही एक ओळ नंतर.

बचाव करणाऱ्यांची ही सवयच. ‘ज्याने एक जीव वाचवला त्याने जग वाचवलं’ हे वाक्य सगळे मिरवतात. प्रचलित छापील प्रतींत ते ‘इस्रायलमधला एक जीव’ असं आहे. जुन्या हस्तलिखितांत तो शब्द नाही, हे मला ठाऊक आहे. पण दोन पाठ आहेत हे मिरवणारे सांगतात का?

आता न तोडलेलं एक घ्या. तालमुदाचाच ‘बाबा काम्मा’ हा भाग, पत्र ३८. ज्यूच्या बैलाने परकीयाच्या बैलाला भोसकलं तर भरपाई नाही, उलट झालं तर पूर्ण भरपाई. हे बनावट नाही, अर्धवट नाही. यावर बोला.

पांढरा_कांदा

सान्हेद्रिनबद्दल मान्य. मला हवं ते वाक्य सापडल्यावर मी पान बंद केलं. खरंच लाज वाटली.

बैलाचं. त्याच पानावर पुढे लिहिलंय की रोमन सरकारने दोन अधिकारी हा कायदा शिकायला पाठवले. जाताना ते म्हणाले, सगळं पटलं, हे बैलाचं सोडून. म्हणजे हा डाग कुणाला तरी टोचेल हे लिहिणाऱ्यांना कळत होतं, आणि त्यांनी ते झाकलं नाही. १३०० च्या आसपास दक्षिण फ्रान्समधल्या मेईरी नावाच्या टीकाकाराने (वरचा रब्बी मेईर वेगळा) तर स्पष्ट लिहिलं की असे नियम कायदाकानू नसलेल्या लोकांपुरते, धर्माने बांधलेल्या समाजांना लागू नाहीत.

तिरकस_बाण

मेईरी सोयीचा आहे म्हणून सगळे त्याच्याकडे धावतात. त्याचं बरंचसं लिखाण विसाव्या शतकापर्यंत हस्तलिखितांतच पडून होतं.

बोरूबहाद्दर

जरा विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९१३, किएव. मेन्डेल बेलिस नावाच्या वीटभट्टीवरच्या ज्यू कारकुनावर खटला. आरोप काय, तर धार्मिक विधीसाठी रक्त हवं म्हणून एका ख्रिस्ती मुलाचा खून. सरकारपक्षाने तालमुदाचा जाणकार म्हणून प्रानाइटिस नावाचा पाद्री ताश्कंदहून आणला. याने तालमुदातली ‘ख्रिस्तीविरोधी’ वाक्यं गोळा करून १८९२ मध्ये पुस्तकच काढलं होतं. बचावाच्या वकिलाने विचारलं, बाबा बात्रा कोण होती आणि तिचं कार्य काय? जाणकार म्हणाले, माहीत नाही.

बाबा बात्रा हा तालमुदाचा एक भाग आहे हो! अरामी भाषेत बाबा म्हणजे दार. पहिलं दार, मधलं दार, शेवटचं दार असे तीन भाग. वर बैल आला तो पहिल्या दारातला. रशियनमध्ये बाबा म्हणजे बाई, म्हणून तो सापळा. आपल्याकडे विचारलं असतं तर ‘बात्रांचे वडील’ असं ठोकून दिलं असतं.

बेलिस सुटला. त्याच्याआधी तालमुदाविरुद्ध असंच पुस्तक लिहिणाऱ्या प्रागच्या रोलिंग नावाच्या प्राध्यापकाचीही तीच गत. ब्लोख नावाच्या रब्बीने जाहीर आव्हान दिलं, तालमुदाचं कुठलंही पान काढतो, भाषांतर करून दाखवा. रोलिंगने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८८५ मध्ये सुनावणीआधीच मागे घेतला. पुस्तक मात्र खपत राहिलं.

जास्वंद_१२

किस्से छान. पण थोडक्यात काय, टीका करायचीच नाही? आधी २७११ पत्रं वाचा, अरामी शिका, मग बोला?

आपल्या घरचं बोलू. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. आजही सनातनी मंडळी हेच ऐकवतात, संदर्भ बघा, ‘यत्र नार्यस्तु पूज्यन्ते’ पण त्यातच आहे, टीकाग्रंथ वाचा. तेव्हा आपण म्हणतो, संदर्भ गेला खड्ड्यात, ज्याने चटके खाल्ले त्याला विचारा. मग मनुस्मृतीला एक न्याय आणि तालमुदाला दुसरा का?

पांढरा_कांदा

हा खरा प्रश्न. कालपासून डोक्यात घोळतोय.

तालमूदही जाळलाय. तेराव्या शतकात निकोलस दोनँ नावाच्या, ज्यूचा ख्रिस्ती झालेल्या माणसाने पोपकडे पस्तीस आरोपांची यादी दिली. १२४० मध्ये पॅरिसला राजाच्या दरबारात रब्बी येहिएलला त्यावर उत्तरं द्यायला उभं केलं, आणि दोन वर्षांनी चोवीस गाड्या भरून पोथ्या जाळल्या. छपाई यायच्या आधीची गोष्ट, सगळ्या हाताने लिहिलेल्या.

महाडला जाळणारे कोण होते? ज्यांना त्या पुस्तकाच्या नावाने तळ्याचं पाणी नाकारलं गेलं, ते. पॅरिसला जाळणारे? राजा आणि चर्च. ज्यांच्या पोथ्या जळत होत्या त्यांच्या हातात त्या राज्यात काडीची सत्ता नव्हती. दोन्हीकडे आग दिसते म्हणून वडाची साल पिंपळाला लावू नका.

जास्वंद_१२

१२४२ मध्ये नव्हती. आज आहे ना?

२००९ मध्ये वेस्ट बँकमधल्या यित्झहार वसाहतीतल्या दोन रब्बींनी ‘तोरात हमेलेख’ नावाचं पुस्तक काढलं, परकीयाला मारणं केव्हा चालतं यावर. आधार कशाचे? याच ग्रंथांचे. १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत गोल्डस्टाइन नावाच्या ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढणारे २९ जण मारले, त्याची कबर पुजणारे लोक आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधान नेतान्याहूंनी भाषणात अमालेकची, म्हणजे जिला समूळ मारा अशी बायबलात आज्ञा आहे त्या टोळीची, आठवण काढली, ते वाक्य पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात वाचलं गेलं. हेब्रॉनच्या माणसाला तुम्ही राशीची टीका समजावून सांगणार? तुमच्याच मोजपट्टीने आज महाडच्या तळ्यावर तो उभा आहे.

तिरकस_बाण

+१. याचं उत्तर ऐकायचंय.

पांढरा_कांदा

हेब्रॉनच्या माणसाने ‘तोरात हमेलेख’ जाळलं तर मी एक शब्द बोलणार नाही. त्या पुस्तकाचा निषेध करणारे रब्बीही बरेच निघाले. पण आमच्या फॉरवर्डमध्ये ना त्या पुस्तकाचं नाव होतं ना वसाहतीचं. त्यात होतं ‘ज्यू असेच असतात’.

आजोळ_रोहा

एरवी फक्त वाचते, आज लिहिते.

माझं आजोळ रोह्याचं, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी घाणा बंद म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचा. सुंता, शब्बाथ, खवले नसलेली मासळी न खाणं आणि शेमाची प्रार्थना, एवढं पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. तालमूद आमच्याकडे नव्हताच. आजीला बाबा बात्रा विचारलं असतं तर तीही त्या पाद्र्याइतकीच गप्प बसली असती. तिचा धर्म म्हणजे एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने केलेला मलिदा.

तालमुदी कायद्याचा चटका आम्हालाही बसलाय. आमची माणसं इस्रायलला गेली तेव्हा तिथल्या धर्मपीठाने शंका काढली, यांच्या पूर्वजांचे घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले होते का? नसतील तर यांच्याशी लग्नं कशी लावायची? म्हणून लग्नाआधी वंशावळीची चौकशी. लोक धरणं धरून बसले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की हे पूर्ण ज्यू आहेत. त्यामुळे ‘ग्रंथावर बोलायचं नाही’ असं मी म्हणणार नाही. जास्वंदताई, हेब्रॉनबद्दल तुमच्याशी माझं भांडण नाही.

पण गेल्या वर्षी कॉलेजपासूनच्या मैत्रिणीने, माझ्याच घरी चहा पिताना, मोबाइल पुढे करून विचारलं, “तुमच्यात खरंच असं लिहिलंय का गं?” तिला मी काय दाखवायचं होतं? मलिदा?

जास्वंद_१२

नाही. तिने विचारायला नको होतं. माझा मुद्दा सोडत नाहीये, पण हे नको होतं.

बोरूबहाद्दर

मलिद्याची पाककृती टाका, वेगळा धागा काढून.

पांढरा_कांदा

अपडेट. तपासलेलं सगळं, बैलासकट आणि माझ्या चुकीसकट, ग्रुपवर टाकलं. मावसभावाने अंगठा दिला. मला बरं वाटलं. संध्याकाळी वहिनीचा फोन आला, त्याने तीच यादी त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवली आहे. ‘लिब्रे डेव्हिड’ आणि बाकीची तीन वगळून.

तिरकस_बाण

म्हणजे तुम्ही त्याचं मुद्रितशोधन करून दिलंत.