ना नाल, ना चंदी : रानात जगणाऱ्या घोड्यांचे तुमचे अनुभव

घोडा पाळायचा म्हणजे त्याचं किती करावं लागतं, हे पागेशी संबंध असलेल्यांना सांगायला नको. दोन वेळची चंदी म्हणजे धान्याचा खुराक, खरारा, दर महिना-दीड महिन्याने नालबंद, दातांना कानस, जंताचं औषध. पोटशूळ उठला तर सगळं घर रात्रभर जागं. आमच्याकडे आजोबांपासून घोड्या आहेत, त्यातल्या बऱ्याच सारंगखेड्याच्या बाजारातून आलेल्या. त्यांच्यामागे धावताना एक प्रश्न कायम मनात असतो : जगात हजारो घोडे यातलं काहीही न मिळता, माणसाच्या काळजीविना जगतात, वितात, म्हातारे होतात, ते कसं?

ज्यांनी असे घोडे डोळ्यांनी पाहिलेत त्यांनी लिहा. पिढ्यान्‌पिढ्या रानात राहून रानटी झालेले असोत, नाहीतर मुळातलेच रानटी. पाणी कुठून मिळतं, शिंगरं कशी जगतात, आजारी पडलं की काय होतं, जे दिसलं ते सांगा. गावात मोकाट सोडून दिलेल्या घोड्यांविषयी मात्र इथे नको, त्यांचं दुःख वेगळं आहे.

रिनो, नेवाडा

आमच्या गावाच्या पूर्वेला व्हर्जिनिया रेंज म्हणून डोंगररांग आहे. तिथले मस्टँग, म्हणजे रानटी झालेले घोडे, मी नेहमी बघतो. सगळ्यात शिकण्यासारखं काही असेल तर ते पाण्यावर. टोळी म्हणजे एक वळू घोडा, दोन-चार घोड्या आणि त्यांची पोरं. एकदम सगळ्या टोळ्या पाण्यावर तुटून पडत नाहीत. जोरकस टोळी आधी पिते, बाकीच्या लांब उभ्या राहून वाट बघतात. तरणे नर वेगळा घोळका करून राहतात, त्यांचा नंबर बहुतेक शेवटी. दोन वळू समोरासमोर आले तरी लगेच लाथाळी होत नाही. आधी लिदीच्या ढिगाशी जाऊन हुंगणं, त्यावर आपली लीद टाकणं, मान वाकवून खिंकाळणं, आणि बऱ्याचदा तेवढ्यावरच मिटतं. जखमी व्हायचं नाही, हीच तिथली मोठी काळजी, कारण पाय मोडला तर तिथे इलाज नाही.

दक्षिणेकडच्या वाळवंटांत रानघोडे आणि रानगाढवं कोरड्या ओढ्यात खुरांनी खणून पाणी काढतात, कधी जवळजवळ दोन मीटर खोल. २०२१ साली यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. त्या खड्ड्यांवर पन्नासहून जास्त जातींचे प्राणी-पक्षी येताना कॅमेऱ्यात दिसले.

विंडहूक, नामिबिया

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आहोत. ल्युडरिट्झला जाताना ऑस नावाचं गाव लागतं, त्याच्या पुढे गारुब. तिथे निवाऱ्यात बसून घोडे बघता येतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा समोर फक्त खडी, ऊन आणि वारा होता, आणि त्या थरथरत्या उन्हातून एकामागून एक घोडे चालत येत होते. पुढे एक जाणती घोडी, सगळ्यात मागे नर.

हे घोडे पहिल्या महायुद्धाच्या काळातले, असं मानतात : जर्मन आणि दक्षिण आफ्रिकी फौजांचे सुटलेले, शिवाय जवळच्या एका घोडे-पैदाशीच्या फार्मवरचे. हा भाग म्हणजे नामिब वाळवंटाची कड. पाऊस वर्षाला शंभर मिलिमीटरही पडत नाही. चारा एकीकडे, पाणी दुसरीकडे, आणि मध्ये कैक किलोमीटर. उन्हाळ्यात ते साधारण रोज, थंडीत दोन-तीन दिवसांनी पाण्यावर येतात. या सगळ्यात खेळणं, उधळणं फार थोडं. तरणी पोरंसुद्धा जपून चालतात. गवत संपलं की ते एकमेकांची वाळलेली लीद खातात. ऐकायला वाईट वाटतं, पण तपासणीत त्या लिदीत वाळक्या गवतापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त निघाले.

मात्र ताई, 'माणसाच्या काळजीविना' हे इथे पूर्ण खरं नाही. गारुबचं पाणी बोअरचं आहे. वाफेच्या इंजिनांसाठी पाडलेली बोअर, तिच्यावर हे घोडे जगले. ती बंद झाली असती तर आज मी हे लिहीत नसते. २०१२ नंतरच्या दुष्काळात तर ठिपक्यांच्या तरसांनी जवळजवळ एकही शिंगरू मोठं होऊ दिलं नाही. कळप ऐंशीच्याही खाली आला. लोकांनी गवताचे गठ्ठे टाकले, तरसांचा बंदोबस्त केला, पाऊस परतला, तेव्हा कुठे शिंगरं पुन्हा दिसू लागली. तरसांनाही पोट आहे, हे मला कळतं. तरी आईभोवती घुटमळणारं ते लांब पायांचं पोर बघितलं की माझं मन घोड्यांच्याच बाजूला जातं.

धागाकर्ती

लिदीबद्दल वाचून थांबलेच. आमच्या पागेतलं शिंगरूसुद्धा पहिल्या आठवड्यांत आईची लीद चाखतं. थोरली माणसं म्हणतात, हटकू नका, त्याचं पोट त्यानेच तयार होतं. चारा पचवणारे जिवाणू त्याला तिथून मिळतात.

पुणे (पशुवैद्य)

ताईंच्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी आपण घोड्याला बांधून ठेवतो म्हणून कराव्या लागतात. घोड्याचं पोट लहान. दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडं थोडं गवत खात चालत राहायचं, यासाठी ते घडलेलं. आपण त्याला दोन वेळा भरपूर धान्य देतो आणि उभा करतो, मग पोटशूळ येतो. खूर महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढतो, रानात तो खडकावर झिजतो. ऑस्ट्रेलियात रानघोड्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून पाहिलं तेव्हा ते दिवसाला सरासरी सोळा किलोमीटर चालताना आढळले. काही तर पाण्यापासून पन्नास किलोमीटरहून लांब चरत होते.

पण म्हणून आपल्या घोड्यांचे नाल उपटून त्यांना माळावर सोडू नका. तिथल्याच रानघोड्यांचे खूर तपासले तेव्हा जुन्या लॅमिनायटिसच्या (खुराच्या आतल्या सुजेच्या) खुणा बऱ्याच खुरांत सापडल्या. रानात दुखणं असतंच, फक्त दाखवायला कुणी नसतं. दात झिजले की चावता येत नाही, चावता आलं नाही की पुढचा हिवाळा निघत नाही. आपल्याला दिसतात ते तगलेले घोडे.

तिनसुकिया, आसाम

आपल्या देशातल्यांविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात रानघोडे आहेत. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने मागे सोडलेल्या घोड्यांचे हे वंशज, असं इथे सगळे सांगतात. गुइजानच्या घाटावरून नाव करायची आणि चापोरी, म्हणजे नदीतली बेटं, धुंडाळायची. दिसतीलच असं नाही. उंच गवतात आयाळ तेवढी हलताना दिसते आणि नावेचं इंजिन ऐकलं की कळप आत शिरतो. माणसाला ते अजिबात जवळ येऊ देत नाहीत.

यांची अडचण नामिबच्या बरोबर उलट, पाणी नको इतकं. पावसाळ्यात ब्रह्मपुत्रा आणि लोहित फुगल्या की चापोऱ्या बुडतात. नावाडी सांगतात की घोडे पोहत उंच जागी जातात, आणि ओढीत शिंगरं वाहून जातात. पूर ओसरला की नव्या गाळावर कोवळं गवत येतं, त्यावर कळप पुन्हा भरतो. तेच गवत म्हशींच्या खुट्यांनाही, म्हणजे तिथल्या गोठ्यांनाही हवं असतं. या घोड्यांविषयी बाहेर फारसं कुणाला माहीत नाही याचं वाईट वाटतं.

मेरिलँड

असाटीग या एकाच बेटावर रानघोड्यांचे दोन कळप आहेत, मध्ये राज्याच्या सीमेवर कुंपण. व्हर्जिनियाकडचे घोडे चिंकोटीगच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचे. त्यांची डॉक्टरी तपासणी होते, जुलैत त्यांना खाडी पोहवून नेतात आणि शिंगरं विकतात. आमच्या मेरिलँडकडच्यांना कुणी खायला घालत नाही, औषधही देत नाही.

त्यांची पोटं फुगलेली दिसतात, लोकांना वाटतं सगळ्या घोड्या गाभण. तसं नाही. खाऱ्या दलदलीतलं गवत खातात, म्हणून साध्या घोड्याच्या दुप्पट पाणी पितात. डास-माश्या वाढल्या की समुद्राच्या लाटांत जाऊन उभे राहतात. वादळात वाऱ्याकडे पाठ करून दाटीवाटीने थांबतात. उद्यानवाल्यांचा हात लागला तो एकाच बाबतीत : संख्या आवरण्यासाठी घोड्यांना बाण मारून गर्भनिरोधक लस दिली. त्यानंतर घोड्या आधीपेक्षा कितीतरी जास्त जगू लागल्या. दरवर्षी विणं आणि पाजणं शरीराला केवढं पडत असेल ते यावरून कळलं.

कॅनबेरा

सगळे कौतुकाने लिहीत आहेत, मला थोडं वेगळं सांगायचं आहे. कोशियस्को उद्यानात ब्रम्बी, म्हणजे इथले रानघोडे, उत्तम तगले आहेत. थंडी सोसतात, त्यांना खाणारं मोठं जनावर नाही. पण तिथली उंचावरची दलदल खूर असलेल्या प्राण्याची सवय नसलेली आहे. स्पॅग्नम शेवाळाच्या गाद्या तुडवल्या जातात, ओढ्यांचे काठ ढासळतात, आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा कोरोबोरी बेडूक, जो मुळातच संपत आला आहे, त्याची अंडी घालायची जागा जाते. म्हणून संख्या ३,००० पर्यंत आणायचं ठरलं आणि २०२३ मध्ये हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालायला परवानगी मिळाली. मला त्या बातम्या वाचवत नाहीत. तरी ओढ्याकाठचा चिखल बघून आल्यावर मी विरोधाच्या पत्रकावर सही केली नाही.

उलानबातर, मंगोलिया

इथले ताखी हे मुळातले रानटी घोडे. १९६० च्या दशकाअखेर ते रानातून संपले. प्राणिसंग्रहालयांतल्या डझनभर घोड्यांपासून वाढलेली प्रजा १९९२ पासून हुस्ताई आणि गोबीत पुन्हा सोडली. हुस्ताई इथून शंभरेक किलोमीटर. हिवाळ्यात गेलात तर ते खुरांनी बर्फ खरवडून गवत काढताना दिसतात. अंगावर दाट केस, हालचाल अगदी संथ. कडाक्यात त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात आणि कातडीखालचं तापमान उतरतं, म्हणजे चाऱ्याची गरजच कमी होते. लांडगे आले की घोड्या शिंगरांना मध्ये घेतात आणि नर बाहेरून फिरतो.

पण २००९-१० चा हिवाळा फार वाईट गेला. मंगोल लोक त्याला झुद म्हणतात : बर्फ इतका की चारा हाती लागत नाही. गोबीतले सुमारे साठ टक्के ताखी मेले. त्याच रानातली रानगाढवं मात्र त्या मानाने वाचली, कारण ती लांब चालत कमी बर्फाच्या भागात गेली. ताखींनी आपला ओळखीचा टापू सोडला नाही. पश्चिमेकडे, जिथे बर्फ कमी पडला, तिथल्या टोळ्या बऱ्याच तगल्या. म्हणून आता सगळे घोडे एका ठिकाणी न ठेवता वेगवेगळ्या टापूंत वसवण्यावर इथे भर आहे.