बार्बी म्हणजे कौतुक की टोमणा?
मुलीला 'बार्बी' म्हणणं हे कौतुक की टोमणा, असं एका ताईंनी विचारलंय. आमच्या परभणीकडं दोन्ही. गुलाबी झालरीचा फ्रॉक घातलेलं लेकरू लग्नात दिसलं, की आजी कानशिलावर कडाकडा बोटं मोडते, "बगा की, बार्बी दिसायलीय!" आजीनं ती बाहुली कधी हातात धरलेली नाही, तिची भावली चिंध्यांची. तरी शब्द तिचा झालाच.

तीच मुलगी सतराव्या वर्षी लिपस्टिक लावून निघाली, की 'आली बार्बी' म्हणजे डोकं रिकामं. माझ्या बहिणीला एका शिक्षकांनी भर वर्गात असं म्हटलं. पुढं वर्षभर तिनं वेणी सोडली नाही. मला हा अर्थ मुळीच पटत नाही. मुलींनी खेळात नुसतं बाळच सांभाळू नये, मोठेपणीची स्वप्नंही रंगवावीत, म्हणून अमेरिकेतल्या रूथ हँडलर यांनी १९५९ मध्ये ही बाहुली आणली, लेक बार्बराच्या नावानं. १९६५ मध्ये ती अंतराळवीरही झाली होती!

१९६१ मध्ये आलेला बार्बीचा जोडीदार बाहुला, केन, हाही रूथ यांच्या मुलाच्या नावाचा. पण नटून निघालेल्या पोराला आमच्याकडं कुणी 'केन' म्हणत नाही. तो 'हिरो', आणि तेही बहुतेक कौतुकानंच.