वैद्यकीय शब्द फोडून शिकवायचे की पाठ करून घ्यायचे?

म्हसरूळकर: काल इथे एकाने लिहिलं, 'जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) पोरींना ग्रीक-लॅटिन तुकडे शिकवण्यात वेळ घालवू नका. शब्द पाठ करा, ड्यूटीला लागा.' रात्रभर डोक्यातून गेलं नाही. मी याच मुलींना शिकवते. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याहून आलेली, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी 'कोलेक्टमी' आणि 'कोलोस्टमी' पाठ करते आणि वॉर्डात गोंधळते. फळ्यावर फोड करून दिली, 'कोल' मोठं आतडं, 'एक्टमी' कापून काढणं, 'स्टोमा' म्हणजे तोंड, म्हणजे आतड्याला पोटावर काढलेलं तोंड, की पोटावर पिशवी कुणाला लावली असेल ते तीच सांगते. 'गॅस्ट्रो' म्हणजे जठर एवढं सांगितलं की 'गॅस्ट्रोस्टमी' मग शिकवावीच लागत नाही.

सिडको: पोस्ट माझीच. ॲनिमिया फोडा बरं! 'ॲन' नाही, 'एमिया' रक्त. पेशंटच्या अंगात रक्तच नाही का? मलेरिया म्हणजे 'वाईट हवा'. रोनाल्ड रॉस या डॉक्टरने १८९७ मध्ये डासात परजीवी दाखवला, नाव अजून तेच. फोड करून पोरी चुकीचंच शिकतील.

पंचवटी: वडिलांची शुगर ४८ पर्यंत घसरली होती. फोनवर बहीण 'हायपो' म्हणाली, मी 'हायपर', म्हणजे जास्त, ऐकलं आणि समोरचा गोड चहा उचलून नेला. 'हायपो' म्हणजे कमी एवढं माहीत असतं, तर निदान परत विचारलं असतं. पाठांतर कुणाला सांगताय?

गंगापूर रोड: मुळात हे शब्द हवेतच कशाला? हिपॅटायटिसला यकृतदाह म्हणा. ग्रीक 'हेपार' आणि आपलं 'यकृत' एकाच मुळातले.

सिडको: दाह म्हटलं की पेशंट विचारतो, जळजळ कुठे होतेय?

गंगापूर रोड: मग सूज म्हणा! मराठीची लाज वाटते तुम्हाला.

सिडको: लाज काढू नका. माझी आई सिव्हिलच्या रांगेत कागद हातात घेऊन उभी असायची, तिला ना ग्रीक कळायचं ना तुमचं संस्कृत. 'लिव्हरला सूज' एवढंच तिला कळलं.

म्हसरूळकर: 'आयटिस' म्हणजे सूज, हेच तर मी पहिल्या दिवशी शिकवते. पेशंटला मराठीत सांगायचं तर आधी नर्सला शब्द उलगडायला हवा.

गंगापूर रोड: दाह आणि सूज एक नाही. दाहात लाली, उष्णता, वेदना, सूज सगळंच आलं.

पंचवटी: अहो, मूळ विषय काय होता?

सिडको: ठीक आहे, एक्टमी-स्टमी फोडून शिकवा, तिथे ताईंचं बरोबर. ॲनिमियाचं मी मागे घेत नाही.

म्हसरूळकर: घेऊ नका. उद्या तो शब्द फळ्यावर लिहीन आणि शेजारी लिहीन: फोड इथे फसते, हिमोग्लोबिन बघा.