चेक इंजिनचा पिवळा दिवा : तुमचे अनुभव

मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की पोटात गोळा येतो आणि गॅरेजवाला सांगेल ते खरं मानावं लागतं. तुमच्या गाडीचा दिवा लागला तेव्हा ती कशी चालत होती, कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, स्कॅनर लावून वाचतात तो) कोणता निघाला आणि शेवटी दुरुस्ती कशाची झाली, ते लिहा. कोड लिहाच, पुढच्याला खरा उपयोग त्याचाच. (चावी फिरवल्यावर दिवा लागून इंजिन सुरू होताच विझणं बरोबर आहे. जुनी गाडी घेताना तो मुळात लागतो ना, ते आवर्जून बघा.)

चिपळूण
कुंभार्ली घाटात धो धो पावसात दिवा लागला, तोही लुकलुकणारा. गाडी थरथरत होती, ओढच नव्हती. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर, एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा डबा) जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळू शकते. म्हणून जागा मिळताच गाडी बाजूला घेतली आणि टो करून गॅरेजला नेली. कोड निघाला पी०३०३, म्हणजे तिसरा सिलेंडर. मेकॅनिकने पहिल्या आणि तिसऱ्या सिलेंडरच्या इग्निशन कॉइल्सची (प्लगला ठिणगीसाठी वीज देतात त्या) अदलाबदल करून इंजिन पुन्हा चालवलं. आता कोड आला पी०३०१! दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे प्लग आणि इंजेक्टर निर्दोष. एकच कॉइल बदलली. असा मेकॅनिक मिळाला तर सोडू नका.

नाशिक
पी०१३५. एका गॅरेजने थेट ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) बदलायला सांगितला. ओळखीच्या वायरमनने आधी बॉनेट उघडून वायरिंग पाहिलं, तर सेन्सरला गरम ठेवणाऱ्या हीटरची वायर उंदराने कुरतडलेली. जोडून, टेप मारून दिवा गेला. तो कोड हीटरच्या सर्किटमध्ये दोष आहे एवढंच सांगतो, ‘सेन्सर बदला’ असं नाही.

पुणे
बीएस-६ डिझेल, रोजचं घर ते ऑफिस, तेही ट्रॅफिकमधून. डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणारी जाळी) साठलेली काजळी जळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं, ते रांगत्या गाडीत येत नाही. आधी डीपीएफचा दिवा लागला. मॅन्युअलप्रमाणे हायवेला एका लयीत चालवली, विझला. त्याच्या जोडीला इंजिनाचाही लागला तर मात्र वर्कशॉप गाठा.

न्यू जर्सी
पी०४५५, पेट्रोलच्या वाफेची गळती. टाकीचं झाकण सैल होतं. कट् आवाज येईपर्यंत फिरवलं, गाडी काही वेळा चालवल्यावर दिवा आपोआप गेला. इथे दिवा चालू असेल तर इन्स्पेक्शनमध्ये गाडी नापास होते. आदल्या दिवशी कोड पुसूनही भागत नाही, गाडीचा कॉम्प्युटर स्वतः घेतो त्या चाचण्या अपुऱ्या राहिलेल्या दिसतात.

सातारा
बॅटरीची वायर काढली की दिवा जातो म्हणतात, करावं का?

चिपळूण
नको. कोड पुसला जाऊ शकतो, आणि दोष आला तेव्हाचा वेग, आरपीएम, तापमान यांची नोंदही. मेकॅनिकला तीच हवी असते.

सातारा
आणि ऑइलचा लाल दिवा?

चिपळूण
तो चालताना लागला तर गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद. गॅरेज समोर दिसत असलं तरी चालवत नेऊ नका, टो करा.